प्रदर्शनवाले नाना

बँकेत असताना नानांनी एकतीस वर्षं माणसांचे चेहरे नाकारले. खातं उघडायच्या फॉर्मवर चिकटवलेला फोटो ते चष्म्याच्या वरून बघायचे आणि फॉर्म खिडकीतून परत सरकवायचे. ‘डावा कान दिसत नाही.’ ‘डोळे मिटलेत.’ ‘हसताय कशाला? कर्ज मंजूर व्हायचंय अजून.’ समोरचा बिचारा पुन्हा स्टुडिओत जाऊन, दोन्ही कान घेऊन, न हसता परत यायचा.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ग्रॅच्युइटीतून कॅमेरा घेतला आणि गळ्यात घालून ते कोल्हापूरभर हिंडू लागले. आता त्यांना एकच कान दिसणारी, डोळे अर्धवट मिटलेली माणसं हवी होती. दोन्ही कान दिसले की म्हणायचे, “यात काही जान नाही.”

असा एक नाना हल्ली प्रत्येक शहरात असतो. अंगात अकरा खिशांचं जाकीट. त्यातल्या दोन खिशांत लेन्सची झाकणं, एकात धूळ उडवायचा रबरी फुगा, एकात पित्ताच्या गोळ्या. उरलेल्या सात खिशांत काय आहे, ते त्यालाही आठवत नसतं. तो चहाच्या गाड्यावर उभा असला तरी चहावाल्याकडे बघत नाही, त्याच्या गालावर पडलेल्या उजेडाकडे बघतो. आमचे नाना तर घरातही तेच करतात. वहिनी खिडकीपाशी मेथी निवडत बसल्या की हे ओरडतात, “हलू नकोस! गालावर त्रिकोण आलाय! रेम्ब्रांट!” वहिनी न हलता म्हणतात, “त्या रेम्ब्रांटला म्हणावं, कुकर बंद कर.”

मी त्यांचा शेजारी. आमच्या गल्लीत शेजारी हे नातं शिडी धरण्यापुरतं असतं, आणि प्रदर्शन म्हटलं की शिडी आलीच. म्हणून या कथेत मीही आहे.

पहिल्यांदा त्यांनी मला एका म्हातारबाबांचा फोटो दाखवला तेव्हा म्हणाले, “मागचे बोके बघ काय सुरेख आलेत!” मी मिनिटभर फोटो निरखला. पटका दिसला, मिश्या दिसल्या, मांजर काही दिसेना. शेवटी भीत भीत विचारलं, तेव्हा कळलं की ८५ मिलिमीटरच्या लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं की माणसामागचं जग जे विरघळतं, त्याला बोके म्हणतात. फोटोत बोके विरघळले होते ते म्हातारबाबांचं घर, गोठा आणि बायको.

नानांच्या शास्त्रात चेहऱ्याची किंमत सुरकुत्यांवर ठरते. साठीच्या आतला माणूस फोटोच्या लायकीचा नाही. अपवाद फक्त नाक वाहणाऱ्या पोराचा. त्यांच्या चार हजार फोटोंत पटकेवाले आहेत, तालमीच्या तांबड्या मातीत लोळलेले वस्ताद आहेत, वारीत भिजलेले माळकरी आहेत, पापाच्या तिकटीवर चपला शिवणारे कारागीर आहेत. एकदा मी सुचवलं, “नाना, माझाही एक काढा की.” त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून पाडाचा आंबा दाबून बघावा तशी नजर फिरवली आणि म्हणाले, “तू अजून पिकला नाहीस.”

त्यांची वाचनाची बाजू भक्कम. १९४१ साली ओटावात छायाचित्रकार कार्शनं चर्चिलचा फोटो काढताना ऐन वेळी त्याच्या तोंडातला चिरूट काढून घेतला आणि चर्चिलच्या चेहऱ्यावर तो जगप्रसिद्ध राग उमटला, हा किस्सा नाना वर्षातून बारा वेळा सांगतात. तेराव्या वेळी त्यांनी तो करून पाहिला. एका गुऱ्हाळावर, चुलवाणाच्या उजेडात, त्यांनी गुळव्याच्या तोंडातली बीडी झटकन काढून घेतली. चर्चिल निदान नुसता रागावला होता. गुळव्याच्या हातात काहील ढवळायचं फावडं होतं. तो फोटो थोडा हलला आहे. ‘गतिमानता मुद्दाम ठेवली’ असं नाना सांगतात.

आता एवढे चेहरे जमले की प्रदर्शन ओघानंच येतं. कोल्हापुरात तर कलेचा नुसता वारा लागला तरी पुरतो. आबालाल रहिमानांचं हे गाव. बाबूराव पेंटरांनी तर इथं कॅमेराच स्वतः बनवला आणि १९२० साली त्यावर काढलेला ‘सैरंध्री’ चित्रपट लोकांना दाखवला. नाना हे सांगतात तेव्हा पुढचं नाव आपलंच असल्यागत क्षणभर थांबतात. मुंबईचं जहांगीरही त्यांच्या बोलण्यात असतंच. १९५२ पासून तिथं प्रदर्शनं भरताहेत आणि तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, हे ते अशा अभिमानानं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, हेही त्या रांगेत आहेत. अर्ज मात्र त्यांनी अजून केलेला नाही.

तर ठरलं, शहरातल्याच एका कलादालनात भरवायचं. तारीख १९ ऑगस्ट. १८३९ मध्ये याच दिवशी पॅरिसला डागेरचं तंत्र जगासमोर मांडलं गेलं, म्हणून हा जागतिक छायाचित्रण दिन. कलादालनाच्या कारकुनाला हे सगळं साद्यंत ऐकवल्यावर त्यानं वहीत बोट फिरवलं आणि सांगितलं, “एकोणीसला साड्यांचा सेल हाय.” नाना डागेरच्या वतीनं भांडले. सेलवाल्यांची अनामत आधी भरलेली होती. शेवटी कुणीतरी रद्द केलेले डिसेंबरातले तीन दिवस मिळाले: शुक्रवार, शनिवार, रविवार.

मग नावाचं बारसं. ‘चेहरे’ म्हणावं तर ते गौतम राजाध्यक्षांच्या पुस्तकाचं नाव. ‘मुखवटे’मध्ये अपमान वाटतो. ‘नजर’ म्हटलं की वहिनींना मीठ-मोहरी आठवते. अखेर ‘अंतर्मुख’ हे भारदस्त नाव पक्कं झालं. फ्लेक्सवाल्याला नानांनी ते कागदावर लिहून दिलं, वाचून दाखवलं, त्याच्याकडून वाचून घेतलं. फ्लेक्सवर आलं ‘अंर्तमुख’. रफार एक घर आधीच बसला होता. नानांनी डोक्याला हात लावला तर तो म्हणाला, “कोण बघतंय, सर! फोटो बघायला येतात लोक.”

फोटो बघायचे तर ते फ्लेक्सवरच होते. खर्चाला हातभार लावलेल्या नगरसेवकांचा, त्यांच्या बंधूंचा आणि बंधूंच्या मित्रमंडळाचा मिळून अकरा चेहऱ्यांचा थवा वर हसत होता. शहरातलं पहिलं व्यक्तिचित्रांचं प्रदर्शन दालनाच्या बाहेरच भरलं, आणि त्याला गर्दीही जास्त होती. खाली कोपऱ्यात तिकिटाएवढे नाना. तोही बँकेच्या ओळखपत्रावरचा फोटो: दोन्ही कान, उघडे डोळे, हसू नाही. हजारो माणसांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा तेवढा एकच फोटो घरात सापडला होता. पोलीस शोधत असल्यासारखे दिसत होते.

फोटो टांगायची रात्र मी विसरणार नाही. कलादालनाचा म्हणून एक नियम असतो: फोटोचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यायला हवा. प्रश्न असा की बघणारा कोण? नाना पाच फूट दोन इंच. मदतीला आलेला तालमीतला पैलवान सहा फूट. दोघांनी दोन भिंती वाटून घेतल्या. सकाळी दिसलं ते असं की एका भिंतीवरचे वारकरी आपल्या छातीशी बोलताहेत आणि दुसऱ्या भिंतीवरचे वस्ताद आपल्या डोक्यावरून पलीकडे बघताहेत. हुक चाळीस, फोटो साठ. “वीस कमी करा,” मी म्हणालो. नानांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वीस म्हाताऱ्यांना घराबाहेर काढायला सांगतोय. शेवटी वीस फोटो खुर्च्यांवर बसवले. त्यामुळे माणसांना बसायला खुर्च्या उरल्या नाहीत, पण फोटोतल्यांची सोय झाली.

आणखी एक घोटाळा सकाळी दिवे लागल्यावर कळला. फोटो काळेपांढरे, बरेचसे काळेच, आणि वर चकचकीत काच. समोर उभं राहिलं की वस्तादाच्या जागी आपणच दिसायचं. तीन दिवसांत निदान पन्नास जणांनी त्या काचांत भांग पाडला. एका बाईंनी टिकली सरळ केली. एका समीक्षक गृहस्थांना मात्र हे फार आवडलं. ‘इथं प्रेक्षक स्वतःलाच बघतो, वा!’ ते म्हणाले. तेव्हापासून नाना सांगू लागले की काच मुद्दाम तशी घेतली.

उद्घाटन सहाचं होतं, पाहुणे साडेसातला आले. समई पेटवली की पंखा विझवायचा, पंखा बंद केला की पाहुण्यांना घाम. चार काड्या गेल्या, पाचवीला यश आलं. भाषणात पाहुण्यांनी कोल्हापूर ही कलानगरी असल्याचं सहा वेळा सांगितलं, मग नानांसोबत एक फेरी मारली आणि एकच प्रश्न विचारला: “कॅमेरा कुठला?” पुढचे तीन दिवस हाच प्रश्न दारातून येत राहिला. कॅमेरा कुठला, लेन्स केवढ्याची, मोबाइलवर येत नाही का असं. हा माणूस कोण, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी पंचाईत होती. फोटोखालच्या पट्टीवर ‘प्रतीक्षा’, ‘संध्याछाया’, ‘एक प्रश्न’ असंच लिहिलेलं होतं.

अभिप्रायाची वही माझ्या ताब्यात होती. ‘खूप छान.’ ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ ‘पंखे चालू ठेवावेत.’ ‘फोटो बरे आहेत. माझ्या आतेभावाचा मुलगाही काढतो.’ एका विमा एजंटानं पत्त्याच्या रकान्यात सगळ्या योजना लिहून ठेवल्या. एका कवीनं तीन पानं घेतली आणि चौथं मागायला आला.

शनिवारी एका स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली, सोबत एक फोटो. बातमी कुणी वाचली की नाही देव जाणे, पण रविवारी दुपारी दालनाच्या दारात एक आजीबाई उभ्या राहिल्या. बरोबर दोघी शेजारणी. पाटी पायरीवर ठेवलेली, डोक्यावरची चुंबळ हातात. चपला बाहेर काढून, देवळात यावं तशा त्या आत आल्या आणि ‘संध्याछाया’समोर थांबल्या.

“ह्ये मी हाय व्हय?”

नाना लगबगीनं पुढं झाले. कपिलतीर्थ मार्केटात, रस्त्याच्या पलीकडून, लांबच्या लेन्सनं टिपलेला तो त्यांचा सगळ्यात लाडका फोटो. “होय मावशी, तुम्हीच.”

“मग माझा रंग कुठं घालीवलास?”

“हे ब्लॅक अँड व्हाइट आहे मावशी. रंग काढला की चेहऱ्यावरचा भाव जास्त उठून दिसतो.”

“भाव?” आजी शेजारणींकडे वळल्या. “कोथमिरीचा भाव हितं दिसतोय म्हनं. धा रुपयाला पेंडी, त्याला फोटू कशाला पायजे?” दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. आजी पुन्हा काचेजवळ गेल्या. “त्या दिशी गौरीचं हिरवंगार लुगडं नेसल्याली मी. नवंकोरं. पार काळं करून टाकलास. आन् पाय कुठं हायती? म्या काय पांगळी हाय? सांगून काडला असतास तर डोसकं तरी विंचरलं असतं.”

तीन दिवस नाना लेन्सबद्दल, उजेडाबद्दल, डागेरबद्दल न थांबता बोलत होते. आता त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी फॉर्म खिडकीतून परत सरकवला होता.

“उद्या येतो मावशी,” ते म्हणाले. “परत काढू.”

दुसऱ्या दिवशी शिडीचं काम नसतानाही मी बरोबर गेलो. नाना सकाळी नऊनंतर कॅमेरा पिशवीबाहेर काढत नाहीत; वरचं ऊन चेहऱ्याचा सत्यानाश करतं म्हणतात. आजींना गिऱ्हाईक आवरून, तेल लावून विंचरून तयार व्हायला बारा वाजले. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. भिंतीला पाठ लावून त्या ताठ उभ्या राहिल्या, हात सरळ, शेजारी भाजीची पाटी. नानांनी सवयीनं चेहऱ्याजवळ जायला पाऊल उचललं.

“मागं हो,” आजी म्हणाल्या. “पाय आलं पायजेत.”

नाना मागं सरले. आणखी सरले. रस्ता ओलांडून फुलवालीच्या टोपलीला टेकले, तेव्हा कुठे पाय आले. आजूबाजूचं सगळं मार्केट लख्ख दिसत होतं, एकही बोका विरघळला नव्हता. त्यांनी खटका दाबला, पडद्यावर फोटो बघितला आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं पुटपुटले, “दोन्ही कान दिसतात.”

मग फुलवाली म्हणाली, माझाही काढा. मग लिंबूवाली. मग मिरच्यांची बाई घरी जाऊन लुगडं बदलून आली. दोन वाजेपर्यंत नाना उन्हात उभे होते आणि प्रत्येकीला नाव विचारून वहीत लिहून घेत होते, कारण प्रती घरपोच द्यायच्या होत्या. सगळ्या प्रती पोचल्याही. आजींच्या घरात तो फोटो देवाच्या फळीशेजारी आहे. ‘पुढं हार घालाय बी हुईल,’ असं त्यांनी नानांना सांगितलं, आणि लगेच वजनात धरता येणार नाही एवढी कोथिंबीर पिशवीत कोंबली.

मला वाटलं, माणूस बदलला. पंधरा दिवसांनी ते घरी आले. जाकिटाच्या पाचव्या खिशातून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. कलादालनाचा अर्ज होता. मार्केटातले चाळीस फोटो, सगळे रंगीत, सगळ्यांखाली माणसांची खरी नावं. आणि यंदा चाळीसच्या वर एकही नाही, ही वहिनींची अट.

“शिडी लागेल,” ते म्हणाले.

मी अर्जावरचं प्रदर्शनाचं नाव वाचलं: ‘पायांसकट’. यात रफार नाही, तेव्हा फ्लेक्सवाल्याला जमायला हरकत नाही.