निचरावादी

संगणकाच्या पेटीला काचेची भिंत असणे, त्या भिंतीआड निळे किंवा जांभळे पाणी नळ्यांतून फिरत असणे आणि पाहुण्याने चहाचा पहिला घोट घेण्यापूर्वीच त्याला त्या पाण्याचे आजचे तापमान ऐकवले जाणे, या तीन लक्षणांवरून जो गृहस्थ ओळखला जातो, त्याचा परिचय वाचकांना नव्याने करून देण्याचे कारण नाही; कोथरूडपासून हिंजवडीपर्यंतच्या कोणत्याही मोठ्या गृहसंकुलात त्याचा निदान एक नमुना आढळतोच. तो बहुधा सॉफ्टवेअरच्या धंद्यातला असतो, त्याचा दिवस इतरांनी ठरवलेल्या मुदती चुकवण्यात जातो, आणि ‘कस्टम लूप’, म्हणजे दुकानात तयार मिळणारा बंदिस्त शीतक न घेता सुटे भाग जोडून घरीच उभारलेले जलशीतनाचे मंडल, हा त्याच्या आयुष्यातील असा एकमेव प्रकल्प असतो की ज्याची मुदत त्याने स्वतः ठरवलेली असते आणि तीही चुकते.

मंडलामागचे शास्त्र अवघड नाही. वरच्या श्रेणीतील आजचा प्रोसेसर पूर्ण भारावर २५० वॅटच्या आसपास आणि ग्राफिक्स कार्ड ४५० वॅट किंवा त्याहूनही अधिक वीज घेते, ही सारी वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते, आणि एक अंश तापण्यासाठी पाणी तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा सुमारे ३,५०० पट उष्णता घेत असल्याने ती वाहून नेण्यास पाण्यासारखा हमाल नाही. म्हणून चिपवर वॉटर ब्लॉक नावाचा आतून बारीक पन्हळी कोरलेला तांब्याचा ठोकळा बसवायचा, तेथे तापलेले पाणी पंखे लावलेल्या रेडिएटरमध्ये निववायचे आणि रिझर्व्हायर नावाच्या चिमुकल्या टाकीतून पंपाने पुन्हा फिरवायचे, एवढाच हा खटाटोप असून त्यात पाणी जेमतेम लिटरभर लागते. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल, तर ६०० वॅटच्या भाराने ते एका फेरीत सुमारे दोनच अंश तापते, त्यामुळे आधी प्रोसेसर घ्यावा की आधी ग्राफिक्स कार्ड, या वादात फारसा अर्थ उरत नाही. तथापि या वादात न पडलेला जलशीतनप्रेमी अद्याप कोणाच्या पाहण्यात नाही.

या गृहस्थाच्या चरित्राचे ड्रेन पोर्टपूर्व आणि ड्रेन पोर्टोत्तर असे दोन खंड पडतात. पूर्वखंडात त्याचे सारे चित्त पाणी आत घालण्यावर एकवटलेले असते. पीईटीजी नावाच्या प्लॅस्टिकच्या कडक नळ्या हीट गनने तापवून, त्या चेपू नयेत म्हणून आत सिलिकॉनची दोरी सरकवून, तो त्यांना काटकोनात वाकवतो आणि काटकोन दोन अंशांनी चुकला तर नळी फेकून देतो. पाण्याबाबत त्याचे सोवळे कडक असते. घरची मंडळी जे आरओचे पाणी पितात ते क्षार उरल्याच्या संशयावरून संगणकास वर्ज्य ठरते आणि गॅरेजवाल्याकडून बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी आणवून त्यात शेवाळरोधक आणि गंजरोधक मिसळले जाते. तांब्याच्या मंडलात ॲल्युमिनियमचा रेडिएटर तो येऊ देत नाही, कारण दोन भिन्न धातू एकाच पाण्यात नांदू लागले की त्यांपैकी अधिक क्रियाशील धातू झिजत जातो, ज्याला गॅल्व्हानिक गंजणे म्हणतात. या एका मुद्द्यावरून जुन्या मित्रांचे परस्परांशी बोलणे बंद पडल्याची उदाहरणे आहेत. एवढा साक्षेप असूनही जो प्रश्न त्याच्या मनास शिवत नाही, तो असा, की हे पाणी बाहेर काढायचे कुठून.

साधारण वर्षभराने या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. गंजरोधकाचा जोर ओसरलेला असतो, मऊ नळ्या वापरल्या असल्यास त्यांतून सुटणारा प्लॅस्टिसायझर ब्लॉकमध्ये पांढरट थर धरतो, आणि दुधी रंगाच्या ज्या शीतकाची छायाचित्रे त्याने सर्व नातेवाइकांना पाठवलेली असतात, त्यातील रंगकण पन्हळींत जाऊन बसतात. मग एका रविवारी तो सर्वांत खालच्या नळीचे फिटिंग सैल करतो. चार थेंब पडतात आणि पाणी थांबते. वरच्या रिझर्व्हायरचे झाकण बंद असल्याने आत हवा शिरत नाही, आणि आत हवा शिरल्याखेरीज बाहेरच्या हवेचा दाब पाण्यास हलू देत नाही, ही शालेय पुस्तकातील गोष्ट त्याला त्या क्षणी आठवत नसल्याने तो मंडल रिकामे झाले असे समजून नळी पूर्ण उपसतो आणि उठून, कशासाठी ते त्यालाही मागाहून सांगता येत नाही, वरचे झाकण उघडतो. अलीकडच्या पेट्यांत वीजपुरवठ्याचा डबा नेमका तळाशी असतो. त्यानंतर त्या घरात जे घडते त्याचे वर्णन सोलापूरहून आणलेल्या आणि पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात राखून ठेवलेल्या टॉवेलांच्या दृष्टीने करणे अधिक न्याय्य ठरेल.

उत्तरखंड येथे सुरू होतो. ड्रेन पोर्ट, म्हणजे मंडलाच्या सर्वांत खालच्या बिंदूवर मुद्दाम ठेवलेले निचऱ्याचे तोंड, ही वस्तू दिसावयास क्षुल्लक आहे: एका नळीत तीन तोंडांचा टी-स्प्लिटर बसवायचा, त्याच्या मोकळ्या तोंडाला पाव फेरा फिरवताच उघडणारा बॉल व्हॉल्व्ह जोडायचा, झाडलोट करताना किंवा पोरांच्या हातून व्हॉल्व्हचा दांडा हलला तरी अनर्थ होऊ नये म्हणून त्यापुढे एक स्टॉप प्लग, म्हणजे आट्यांचे बूच, लावायचे, आणि वर हवा आत येण्याची वाट ठेवायची. या छंदातील बहुतेक सर्व भागांना जी १/४ या एकाच मापाचे आटे असल्याने जोडणीस फारसे कौशल्य लागत नाही. अडचण तार्किक आहे. ड्रेन पोर्ट बसवण्यासाठी मंडलातील पाणी आधी काढावे लागते, आणि पाणी काढण्यासाठी ड्रेन पोर्ट हवा असतो. या कोड्यापुढे भलेभले वर्ष-वर्ष बसून राहतात, आणि जे अखेर सुटतात ते एखादी मोठी सिरिंज, रंगकामवाल्याकडून मागून आणलेला ट्रे, पंधरा-वीस किलोंची पेटी तिरपी धरणारा मेव्हणा आणि उरलेले टॉवेल यांच्या बळावर सुटतात.

या संस्कारानंतर मनुष्य बदलतो. त्याला जगातील प्रत्येक वस्तूचा सर्वांत खालचा बिंदू दिसू लागतो. नातलगाच्या नव्या सदनिकेच्या वास्तुशांतीस इतर पाहुणे दिवाणखान्यातून टेकडी दिसते की नाही हे पाहत असताना तो न्हाणीघरात जातो, फरशीवर तांब्याभर पाणी ओततो आणि ते नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे जाळीखालच्या निचऱ्याकडे, वळते की दाराकडे, हे हाताची घडी घालून न्याहाळतो; पाणी दाराकडे वळते, आणि यजमान दाराशीच उभे असतात. “काका, पाणी काढायचं कुठून?” हा प्रश्न तो तेथे पहिल्यांदा विचारतो. तोच प्रश्न तो दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहातील मत्स्यपेटीपाशी, मंगल कार्यालयाच्या अंगणातील कारंज्यापाशी आणि वॉशिंग मशीनच्या दुकानात विचारतो. तेथील विक्रेता स्मार्ट वैशिष्ट्यांची यादी म्हणून दाखवत असता हा गुडघ्यांवर बसून यंत्राच्या खालच्या कोपऱ्यातील गाळणीचे झाकण शोधत असतो. गणेशोत्सवात कृत्रिम हौदापुढे सारी आळी आरती म्हणत असताना तो हौदाला प्रदक्षिणा घालताना दिसल्यास त्यामागे भक्ती असेलच असे नाही.

सासुरवाडी नागपूरची असलेल्या निचरावाद्याची कथा निराळी. उन्हाळ्यात तेथे जाताना तो प्रथम जावयाच्या अधिकाराने सर्वांस समजावतो, की रेडिएटर पाण्याला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, त्यामुळे मे महिन्यात तेथे असले मंडल ठेवण्यात अर्थ नाही. सासूबाई ऐकून घेतात. पुढे पावसाळा लागल्यावर तो पुन्हा जातो तेव्हा त्या खिडकीतला कूलर आवरावयास काढतात, टाकीच्या तळाचे बूच उपसतात, साचलेले गढूळ पाणी परसात काढून देतात आणि बूच पुन्हा बसवून हात पुसतात. या सर्वांस चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही. ज्या गोष्टीपायी आपण एक वीजपुरवठा गमावला ती गोष्ट विदर्भातील घराघरांत पत्र्याच्या टाकीला आधीपासून आहे, हे पाहून जावई तो दिवसभर फारसे बोलत नाही. सासूबाईंना वाटते, जेवणात काही कमी पडले.

त्याचा इतिहासाचा अभ्यासही याच अंगाने चालतो. आयबीएमच्या सिस्टम/३६० मॉडेल ९१ या १९६० च्या दशकातील महासंगणकास थंड पाण्याचा पुरवठा लागे, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस हौशी मंडळींनी मोटारीच्या हीटरचे रेडिएटर व मत्स्यपेटीचे पंप जोडून या छंदाचा पाया घातला, हे तो घाईघाईने सांगून टाकतो, कारण त्याला १९८५ च्या क्रे-२ वर यावयाचे असते. तो महासंगणक फ्लोरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात अक्षरशः बुडवून ठेवलेला असे. जग सेमूर क्रे याचे नाव वेगासाठी घेते. निचरावादी ते यासाठी घेतो, की दुरुस्तीच्या वेळी तो सारा द्रव बाजूच्या टाक्यांत काढून घेण्याची सोय त्याने आधीच करून ठेवली होती. हे सांगताना त्याचा आवाज खाली येतो.

येथवर हा इसम केवळ कंटाळवाणा आहे. परंतु गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत त्याचा तोच प्रश्न निराळ्या कारणाने अप्रिय ठरतो. पहिल्याच मोठ्या पावसात तळघरातील पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी भरलेले असते, विकासकाचा प्रतिनिधी पोहण्याचा तलाव, क्लब हाऊस आणि दर्शनी कारंजे यांची रंगीत पुस्तिका पुन्हा वाटत असतो, आणि मागच्या रांगेतून प्रश्न येतो, की जागेवर पूर्वी जो ओढा होता तो आता कुठे आहे, आणि पाणी काढायचं कुठून. मग तो थांबत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने, आणि तेही समुद्रास ओहोटी असेल असे धरून, आखलेली होती. तिची अनेक मुखे भरतीच्या पातळीखाली असल्याने भरतीच्या वेळी पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्रच आत येऊ पाहतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढा वस्त्यांतून वाहिला, तो ओढ्यालाही जागा लागते हे लोक विसरल्यानंतर. ज्यांनी आयुष्यात एक लिटर पाण्याचे मंडल नीट रिकामे केलेले नाही अशी माणसे लाखो लिटरांचे नकाशे मंजूर करतात, असे तो म्हणतो, आणि अध्यक्ष वेळेअभावी पुढचा विषय घेतात. तो विषय प्रवेशद्वारावरील रोषणाईचा असतो आणि एकमताने संमत होतो.

त्याच्याविषयी काही बरे लिहिणे भाग असेल, तर ते येथे लिहिले पाहिजे. कोणाच्याही मंडलाला गळती लागली की रात्री कितीही वाजता ट्रे, सिरिंज आणि टॉवेल घेऊन येणारा तोच असतो. वीजपुरवठ्याच्या २४ पिनांच्या जोडणीतील हिरवी व काळी तार कागदी पिनेने जोडून, मदरबोर्डला वीज न देता एकटा पंप कसा चालवायचा, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर कसा ठेवायचा, आणि पाणी हेच पंपाचे वंगण असल्याने तो कोरडा का चालू द्यायचा नाही, हे तो नवख्यास दाखवतो. बोलणी खूप बसतात, पण गळतीची परीक्षा रात्रभर चालवायची असल्याने तो परक्या घरातील फरशीवर पेटीशेजारी उशी टाकून झोपतो आणि मधून मधून उठून विजेरीच्या उजेडात टिश्यू चाचपतो. ते कोरडे निघाले की सकाळी चहाही न घेता जातो. हे सर्व आता फारसे कोणास लागत नाही, हे त्याला कळत नाही असे नव्हे. कारखान्यातून पाणी भरून बंद करून आलेले, भरण्या-काढण्याची कटकट नसलेले आणि बिघडल्यास सरळ टाकून द्यावयाचे शीतक दुकानोदुकानी मिळतात, नव्या मुलांना तेच पुरतात, आणि त्याच्या स्वतःच्या यंत्रावर आताशा सर्वांत जड काम म्हणजे संस्थेच्या देखभाल खर्चाची एक्सेल पत्रके. ती उघडताना पाण्याचे तापमान अर्ध्या अंशानेही हलत नाही.

गेल्या निवडणुकीत दुसरा कोणी अर्जच न भरल्याने तो संस्थेच्या पर्जन्यजल समितीचा निमंत्रक झाला असून, तळघरातील पार्किंगच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात खड्डा खणून त्याने बसवून घेतलेल्या पंपामुळे यंदा तेथे पाणी साचले नाही. त्याच्या संगणकातील पाणी मात्र, ड्रेन पोर्ट बसल्यापासून ते काम अवघ्या दहा मिनिटांचे राहिल्यामुळे, त्याने अद्याप बदललेले नाही.