डोगाचा प्रपंच

डोगाला मी कधी जेवताना पाहिलेलं नाही. नव्वदच्या दशकात भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढताना डोगाचं जे हाती लागलं ते वाचून काढलं, पण पाटावर बसून ‘वरण वाढा’ म्हणणारा डोगा एकाही पानावर आठवत नाही. अँटीहिरोची जात अशीच. सुपरहिरोला काकू असते, नोकरी असते, वेळेवर घरी पोचायची काळजी असते. अँटीहिरोला फक्त हिशेब चुकते करायचे असतात. त्याला ‘जेवलास का रे?’ असं विचारायची कुणाची छाती होत नाही.

सध्या ती छाती मी करतो. डोगा माझ्याकडे राहायला आला आहे, ड्रॅगनच्या रूपात, आणि त्याच्या खाण्यापिण्याची जबाबदारी माझ्यावर आहे.

डोगा म्हणजे कोण, हे ज्यांना माहीत नाही ते एक तर फार सज्जन घरात वाढले असावेत किंवा फार इंग्रजी शाळेत. दिल्लीच्या राज कॉमिक्सने 1986 साली नागराज आणला. त्याचे सुरुवातीचे अंक आपल्या पुण्याच्या प्रताप मुळीकांनी काढलेले, त्यामुळे त्या हिरव्या खवल्यांच्या माणसाबद्दल मला उगाच घरचा अभिमान वाटायचा. मग अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव आला. हा इतका गुणी की आमच्या गल्लीतल्या आया त्याचं उदाहरण देऊ शकल्या असत्या. त्यांनी वाचला नाही म्हणून आम्ही वाचलो. आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आला डोगा. लेखक तरुणकुमार वाही आणि संजय गुप्ता, चित्रं मनू यांची. गाव मुंबई. तोंडावर कुत्र्याचा मुखवटा, अंगात जांभळा पोशाख, हातात बंदूक, आणि पोलीस-कोर्ट-जामीन या सगळ्या प्रकारावर शून्य विश्वास. अमेरिकेत पनिशर 1974 पासून हाच धंदा करत होता, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी फरक पडला नसता. पनिशरच्या मदतीला गल्लीतली कुत्री धावून येत नसत.

डोगाचं खरं नाव सूरज. तो कचऱ्यात टाकून दिलेला पोर. हलकान सिंग नावाच्या डाकूने त्याला उचललं आणि स्वतःच्या कामासाठी वाढवलं. पुढे मुंबईत त्याला अदरक चाचा भेटले, लायन जिमवाले. अदरक चाचांच्या भावांची नावं हळदी, धनिया आणि कालीमिर्ची. एकाने शरीर कमवून दिलं, एकाने मुष्टियुद्ध, एकाने कराटे-बिराटे, एकाने नेमबाजी. जगातल्या कुठल्याही सूडवीराची तालीम अशी मसाल्याच्या डब्यात झालेली नसेल. हे वाचताना मला तेव्हा एकदाही हसू आलं नाही. दहा-बारा वर्षांच्या वयात कालीमिर्ची नावाच्या माणसाकडून बंदूक शिकणं अगदी वाजवी वाटतं.

स्टेशनवर व्हीलरच्या स्टॉलला कॉमिक्स टांगलेली असायची. बघायला पैसे पडत नसत. वाचायला मात्र भाड्याने देणाऱ्या दुकानात जावं लागे. तिथल्या डोगाच्या प्रती सगळ्यांत मळकट असत. यावरून लोकप्रियतेचा अंदाज यावा.

अनुराग कश्यप डोगावर सिनेमा काढणार अशी बातमी मध्यंतरी येऊन गेली. सिनेमा काही आला नाही. त्यामुळे लेकीने ‘बाबा, तू तुझा डोगा इथे बनव ना’ म्हणून लॅपटॉप पुढ्यात सरकवला, तेव्हा मी तो लगेच आपल्याकडे ओढून घेतला. सिनेमाची वाट बघण्यापेक्षा ड्रॅगन बरा.

लॅपटॉपवर होता ‘फ्लाइट रायझिंग’ नावाचा खेळ, 2013 पासून चालू असलेला. यात ड्रॅगन पाळायचे, त्यांना खाऊ घालायचं, नटवायचं, पिल्लं काढायची. जगभरची माणसं आपापल्या लाडक्या पात्रांवर बेतून ड्रॅगन बनवतात, त्यांना तिथे फॅनड्रॅगन म्हणतात. लाल-काळा ड्रॅगन दिसला की ओळखावं, कुणाच्या तरी मनात डेडपूल आहे. डोगा मात्र मला कुठे दिसला नाही. ही उणीव भरून काढणं माझं कर्तव्यच होतं.

पडद्यावरची जनावरं पाळण्याचं हे खूळ तसं जुनं. 1996 च्या नोव्हेंबरात जपानच्या बांदाई कंपनीने तामागोची काढला, अंड्याच्या आकाराचा, किल्लीच्या जुडग्याला अडकवायचा. तो भूक लागली की पिकपिक करायचा आणि दुर्लक्ष केलं की मरायचा. पुढच्याच वर्षी त्याच्या जनकांना, अकी माइता आणि अकिहिरो योकोई यांना, अर्थशास्त्राचं इग नोबेल मिळालं. कारण काय, तर माणसांचे लक्षावधी कामाचे तास त्यांनी खोट्या जनावरांच्या संगोपनाकडे वळवले. फ्लाइट रायझिंगचे लोक दयाळू निघाले. इथला ड्रॅगन उपाशी राहिला तरी मरत नाही, नुसता मरगळतो. पण मरगळलेला डोगा बघणं हे मेलेला तामागोची बघण्यापेक्षा वाईट आहे, हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

पहिला प्रश्न कुळाचा. तिथे अकरा कुळं आहेत: पृथ्वी, वारा, पाणी, वीज, बर्फ, सावली, प्रकाश, जादू, निसर्ग, अग्नी आणि रोगराई.

“सावली घे,” लेक म्हणाली. “डार्क लोक सगळे तिकडेच असतात.”

मी रोगराई घेतली. कचराकुंडीत सापडलेल्या पोराला दुसरं कुळ कुठलं शोभणार? शिवाय त्या कुळात जन्मलेल्यांचे डोळे लाल असतात. आई मागे उभी राहून शेंगा निवडत बघत होती. ती म्हणाली, “रोगराई? घरात घ्यायला दुसरं काही मिळालं नाही?”

मग जात. मी ‘मिरर’ निवडला. या जातीला चार डोळे असतात, हे ड्रॅगन टोळीने शिकार करतात आणि मांस खातात. टोळी म्हटल्यावर मला कुत्र्यांची आठवण झाली आणि मी पुढचं वाचलंच नाही.

खरा घोळ रंगावर झाला. पहिल्या ड्रॅगनचे रंग आपण निवडायचे असतात. एक अंगाचा, एक पंखांचा, एक उरलेल्या कलाकुसरीचा. आणि निवडायला रंग एकशे सत्त्याहत्तर. सुरुवातीला सदुसष्टच होते, 2016 साली वाढवले. नुसत्या जांभळ्यात ग्रेप, प्लम, मलबेरी, ॲमेथिस्ट, व्हायोलेट, रॉयल असं सगळं गणगोत. मला डोगाचा जांभळा हवा होता, म्हणजे स्वस्त कागदावर शाई जरा फुटलेला, कोपऱ्यात कुणाच्या तरी तेलकट बोटाचा डाग असलेला. तो यादीत नव्हता.

आईने शेंगांची परात खाली ठेवली आणि सूत्रं हातात घेतली.

“हा गुलबक्षीकडे झुकतोय. हा नको. हा आमसुली, मावशीच्या इरकलीसारखा. पुढे जा. हा… हा वांगी.”

“आजी, वांगी म्हणजे पर्पलच ना?”

“आपल्याकडची भरताची वांगी हिरवी असतात,” आईने खानदेशची बाजू मांडली. “पण साडीतला वांगी हाच. तुझ्या त्या गुंडाला हाच घाल. मळखाऊ आहे.”

डोगाच्या पोशाखाचा विचार ‘मळखाऊ’ या बाजूने तरुणकुमार वाहींनी केला असेल-नसेल, पण गटारातून येजा करणाऱ्या माणसासाठी इतका व्यवहारी सल्ला दुसरा नाही. मी वांगी घातला.

मला वाटलं, संपलं. तर म्हणे दुसरा ड्रॅगन खेळाकडून मिळतो आणि तो कसा असेल ते नशिबावर. आमच्या नशिबात आली ‘फे’ जातीची मादी. ही तिथली सगळ्यांत लहान जात. रंग पोपटी, पंख फिकट पिवळे, एवढीशी कुडी. फे एकसुरी आवाजात बोलतात आणि भावना कानाजवळचे पडदे हलवून दाखवतात, असं तिथे लिहिलं होतं. कॉमिक्समध्ये डोगाच्या जोडीला लोमडी आहे, तीही मुखवटेवाली. म्हणून हिचं नाव लोमडी ठेवलं. लोमडी फक्त किडे खाते.

म्हणजे आता घरात दोन स्वयंपाक. याला मांस, तिला किडे. रोज ठरावीक फेऱ्या मिळतात, त्यात शिकारीला जायचं की किडे पकडायला हे ठरवायचं. शिकारीला गेलो तर लोमडी उपाशी, किड्यांना गेलो तर डोगा. घरी मुगाची खिचडी खाऊन मी रात्री उंदीर-घुशी जमवत बसतो. बायको एकदा पडद्यात डोकावून म्हणाली, “आपल्याकडचं दूध संपलंय, ते आणायला कोणत्या फेरीत जाणार आहेस?”

लढाईचा एक आखाडा आहे. तिथे तरी डोगाची शान दिसेल म्हणून नेला. सगळे ड्रॅगन पहिल्या पातळीपासून सुरुवात करतात, शेवटची पातळी पंचविसावी. बंदूक नाही. ओरखडे आहेत, चावे आहेत, आणि ‘मेडिटेट’ नावाचा एक प्रकार आहे, ज्यात ड्रॅगन डोळे मिटून बळ साठवतो. हलकान सिंगच्या तालमीत वाढलेला माझा डोगा सरावाच्या मैदानात ध्यानाला बसला आणि समोरच्या कसल्याशा लुटुपुटीच्या प्राण्याने त्याला आडवा केला. लोमडी उभीच होती. तिनेच ती लढाई संपवली.

कपड्यांचं दुःख वेगळंच. दुकानात रेशमी ओढण्या, फुलांचे मुकुट, पिसांचे साज. कुत्र्याचा मुखवटा मला सापडला नाही. तिथले चित्रकार पैसे घेऊन हवं ते कातडं रंगवून देतात, पण एका परदेशी चित्रकाराला डोगा समजावून सांगताना ‘अदरक चाचा’पाशी माझं इंग्रजी थांबलं. शेवटी लेकीने परस्पर त्याच्या डोक्यावर फुलांचा मुकुट ठेवला. चार लाल डोळे, वांगी अंग आणि वर फुलं. मुंजीतला बटू दिसत होता. मी काढला नाही. कारण तो बरा दिसत होता.

इथेच मला या सगळ्या प्रकारातली गोम कळली. अँटीहिरो आपल्याला आवडतो तो कुणावाचून त्याचं अडत नाही म्हणून. पाळलेलं जनावर आवडतं ते आपल्यावाचून त्याचं अडतं म्हणून. हे दोन्ही एका ड्रॅगनमध्ये कोंबले की आठवडाभरात अँटीहिरो हरतो. ज्याला आपण हाताने घास भरवतो त्याची दहशत वाटणं शक्य नाही. माझी खात्री आहे, जगभरच्या त्या लाल-काळ्या डेडपूलांचंही हेच झालं असणार. कुणीतरी त्यांना मफलर घातला असेल.

एक बटण आहे ‘एक्झॉल्ट’ नावाचं. नको झालेला ड्रॅगन त्याने कुळाच्या देवतेच्या सेवेला पाठवता येतो. बदल्यात थोडं धन मिळतं आणि ड्रॅगन कायमचा जातो. सरळ भाषेत, देवाला सोडायचा. लेकीने ते दाखवताच आई कडाडली, “खबरदार! आईबापाने एकदा टाकलंय त्याला.” डोगाचं चरित्र आईने माझ्या चोरून ठेवलेल्या कॉमिक्समधूनच वाचलेलं होतं, हे मला पंचेचाळिशीत कळलं.

आणि मग घरट्यात अंडी आली. पाच दिवस रोज ऊब द्यायची, एक दिवस चुकला की पिल्लं लांबतात. तीन निघाली. पिल्लांचे रंग आईबापाच्या रंगांच्या मधले कुठलेही येतात आणि वांगी ते पोपटी या वाटेत सगळं निळं-आकाशी पडतं. त्यामुळे डोगाची तिन्ही पोरं आकाशी, शाळेच्या गणवेशासारखी. कुळाचे लाल डोळे तेवढे आले. नावं ठेवण्यात वेळ गेला नाही: अदरक, हळदी, धनिया. “मिरे राहिले,” आई म्हणाली. पुढच्या खेपेला बघू.

आता थोरली, म्हणजे हळदी, लग्नाची झाली आहे. तिथला कायदा कडक, पाच पिढ्यांत नातं निघालं तर जोडी जमत नाही. आपल्या 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही बापाकडून पाच पिढ्या सपिंड धरतात, पण आईकडून तीनच. ड्रॅगनांमध्ये ही सवलतही नाही. तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या गुहेत नात्याबाहेरचा नर असेल तर कळवावं. जात, कुळ, पातळी यांचा आग्रह नाही. देवाला सोडायची सवय असलेल्यांनी कृपया विचारू नये. रंग मात्र वांगी किंवा जवळपासचा हवा, आईची तेवढी एकच अट आहे.