साधकाने तूप कशाबरोबर खावे?

कर्बोदके सोडून तुपालोण्याला शरण जाण्याचा ज्याने निश्चय केला आहे, त्याचा उल्लेख या मार्गदर्शिकेत 'साधक' असा केला आहे. साधक बहुधा चाळिशी ओलांडलेला असतो. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा त्याचा आकडा ५.७च्या पुढे सरकलेला असतो, डॉक्टरांनी 'गोड जरा कमी करा' एवढेच सांगितलेले असते आणि आतेभावाने एक व्हिडिओ पाठवलेला असतो. या तिन्हींपैकी परिणाम होतो तो व्हिडिओचा.

पूर्वतयारी म्हणून साधकाने एकच करावे. घरात काहीही जाहीर करू नये. केल्यास पुढील संवाद अटळ आहे. आमच्या स्वयंपाकघरात तो झाला तसा देत आहे.

'भात नाही?'

'नाही.'

'पोळी?'

'पोळी पण नाही.'

'भाकरी खा मग. ज्वारीची आहे.'

'ज्वारी पण नाही, आई.'

'अरे, मग वरण कशात कालवणार?'

या प्रश्नाला कुठल्याही आहारशास्त्राकडे उत्तर नाही. वरणही वर्ज्यच आहे, हे त्याच बैठकीत सांगू नये. तुरीच्या डाळीत प्रथिने असतात हे खरे, पण त्यांच्या दुपटीहून जास्त कर्बोदके असतात. ही बातमी आईला हप्त्याहप्त्याने द्यावी.

आता थोडे शास्त्र. ते पाहुण्यांसमोर लागते. कडक केटोमध्ये दिवसाला २० ते ५० ग्रॅम कर्बोदके चालतात. वाटीभर शिजलेल्या भातातच चाळीसेक ग्रॅम निघतात, म्हणजे जेवणातली पहिली मूद मोडली की दिवसाचा कोटा संपला. पिष्ट मिळेनासे झाले की यकृत चरबीपासून कीटोन बनवू लागते आणि मेंदूसुद्धा बऱ्याच अंशी त्यावर भागवून नेतो. ही युक्ती मुळात वजन उतरवण्यासाठी निघालेली नाही. १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये रसेल वाइल्डर यांनी ती अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवली. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्स असलेल्या मुलांना हा आहार देखरेखीखाली आजही देतात.

पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते. साधकाने हे वजन गच्चीवर उभे राहून ओरडून सांगू नये, कारण त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. शरीर साठवलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. साठा उपसला की पाणी जाते, पाण्याबरोबर मीठ जाते, मग डोके ठणकते, पिंढऱ्यांना गोळे येतात आणि साधक सोसायटीच्या वॉचमनवर खेकसतो. घरचे म्हणतात, 'भात बंद केला ना, म्हणून.' ते बरोबर असते, म्हणून जास्तच राग येतो. उपाय म्हणजे मीठ घातलेले पातळ ताक. श्वासाला ॲसिटोनचा वास येऊ लागल्यास बडीशेप चघळावी, मात्र तीत मिसळलेल्या रंगीत साखरगोळ्या निवडून. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही करू नये. भात बंद आणि गोळ्या तेवढ्याच, असे झाले तर साखर धोकादायक इतकी खाली येऊ शकते. (एवढे वाक्य गंभीरपणे वाचावे.)

'ही सगळी नवी फॅडं' असे कोणी म्हटल्यास साधकाने विल्यम बँटिंग यांचे नाव घ्यावे. हे लंडनचे गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे, राजघराण्यातल्या माणसांनाही त्यांच्याच कुटुंबाने शेवटचा निरोप दिलेला. वजन इतके, की स्वतःच्या बुटांच्या नाड्या बांधता येईनात आणि जिना उलटे तोंड करून, एकेक पायरी सावकाश उतरावा लागे. ऐकू कमी येते म्हणून ते विल्यम हार्वी नावाच्या कानाच्या डॉक्टरकडे गेले, तर त्याने पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद केले. वर्षभरात वीसेक किलो वजन उतरले. १८६३ साली त्यांनी यावर एक पुस्तिका छापली, ती हातोहात गेली, आणि पुढे स्वतः ऐंशी वर्षांच्या वर जगले. आमच्या सासऱ्यांनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, 'लोणी पण बंद होतं म्हणालात ना?' बँटिंग यांचे नाव घेताना लोण्याचा उल्लेख गाळावा.

भात आणि पोळी निदान समोरून येतात. मराठी स्वयंपाकातले खरे धोके वेष पालटून येतात. अळूच्या फदफद्यात चण्याची डाळ असते, गूळ असतो, आणि ते मिळून यावे म्हणून वर बेसन लावून घोटलेले असते. ताकातल्या पालेभाजीला पीठ. सिमला मिरचीला पीठ पेरलेले. काकडीच्या कोशिंबिरीत 'चवीपुरती' साखर. कोकणात जाऊन सुटका होईल म्हणावे, तर सुरमईची तुकडी रव्यात नाहीतर तांदळाच्या पिठीत घोळूनच तव्यावर पडते. कोल्हापूरकडे पांढऱ्या रश्श्याच्या वाट्यांवर वाट्या रिचवता येतात, पण मांडीला मांडी लावून भाकरी बसलेली असते आणि तिच्याकडे न बघण्याला मनाची फार मोठी ताकद लागते.

आमटीच्या बाबतीत साधकाने 'गूळ घातलाय का?' असे विचारू नये. घातलेला असतोच. 'किती घातलाय?' असे विचारावे. उत्तर ठरलेले आहे: 'नखाएवढा.' कोणाचे नख, हा उपप्रश्न टाळावा. मी एकदा ओट्यापाशी उभा राहून पाहिले. आईने डब्यातली ढेप काढली, सुरीची टोकदार बाजू तिच्यात रुतवून वर बत्त्याचा एक हलका ठोका दिला, सुटलेला खडा पातेल्यात टाकला, मग बोटांना चिकटलेला चुरा झटकण्यासाठी तेच हात पुन्हा पातेल्यावर आणले. खडा सुपारीएवढा होता. समजा दहा ग्रॅम, त्यातले जवळजवळ नऊ ग्रॅम कर्बोदके, चार माणसांत वाटले तर साधकाच्या वाट्याला सव्वादोन. या सव्वादोन ग्रॅमांवरून जो घरात वाद घालतो, त्याला संध्याकाळची कॉफी स्वतः करून घ्यावी लागते.

कॉफीवरून लोण्याकडे यावे. या साधनेत स्निग्धांश हा प्रमुख आहार आहे, आणि मराठी घरात स्निग्धांश म्हणजे तूप. हे कळल्यावर आईचा विरोध मावळतो. 'तूप चालतं? मग आधी सांगायचंस की!' आणि ती बरणी पुढे ओढते. रविवारी लोणी कढते तेव्हा साधकाने गॅसपाशी हजर राहावे. चरचर थांबून बुडबुडे बारीक झाले की आई विड्याचे पान टाकते, ते कुरकुरीत होईपर्यंत कोणाशी बोलत नाही, आणि खाली तपकिरी बेरी दिसू लागली की लगेच गॅस बंद करते. कढईतली बेरी खरवडून साखर घालून खायचा मान घरातल्या लहान मुलाचा. साधकाने ती साखरेशिवाय मागितली तरी लहान मूल देत नाही.

एवढ्या तपश्चर्येने कढवलेले तूप आता खायचे कशाबरोबर? इथे खरी अडचण सुरू होते. आपल्याकडे तूप ही कशावर तरी ओढायची वस्तू आहे. पंगतीत पहिल्या भातावर तुपाची धार पडते तिला अन्नशुद्धी म्हणतात, म्हणजे शुद्ध व्हायला आधी अन्न हवे. पुरणपोळीवर ते ओघळते, मोदक फोडून आत घालतात, गरम भाकरीच्या पापुद्र्याखाली मुरते. वाहन काढून घेतल्यावर तूप नुसतेच उरते. ऋण काढून तूप प्या म्हणणारा चार्वाकसुद्धा कशात घालून ते सांगत नाही.

पर्याय तपासून पाहिलेले आहेत. काळ्या कॉफीत चमचाभर तूप घालून ढवळल्यास आजोबा कपात डोकावून 'तवंग आलाय, टाकून दे' म्हणतात. फ्लॉवर किसून, वाफवून, त्याला भात म्हणून वाढल्यास घरात शांतता पसरते. त्यावर वरणाऐवजी पालकाची पातळ भाजी, लिंबू आणि सढळ हाताने तूप घेतले तर डोळे मिटून दोनतीन घास खरोखर चांगले लागतात. चौथ्या घासाला फ्लॉवरचा वास येतो. अंड्याची पोळी तुपात केल्यास उत्तम, पण ती वेगळ्या तव्यावर, वेगळ्या उलथन्याने आणि खिडकी उघडी ठेवून, हे ज्याच्या त्याच्या घरावर आहे. शाकाहारी साधकाला शेवटी पनीर उरते. सकाळी पनीर, दुपारी पनीर, रात्री कालचे पनीर.

तूप चालते म्हणजे वाटेल तेवढे चालते असा समज आईचा असतो आणि साधक तो दुरुस्त करत नाही. ग्रॅमभर कर्बोदकात चार कॅलरी, ग्रॅमभर तुपात नऊ. एक मोठा चमचा तूप सव्वाशे कॅलरींच्या आसपास जाते, म्हणजे मध्यम आकाराच्या पोळीच्या पुढे. पोळी सोडून तिच्या जागी तूपच घेत राहिले तर वजनकाट्याच्या दृष्टीने पोळी ताटातच असते, फक्त दिसत नाही. भूक लवकर लागत नाही आणि म्हणून एकंदर खाणे कमी होते, हा या आहाराचा खरा फायदा; तो आई पाठीमागे तुपाचा चमचा घेऊन उभी नसेल तेव्हा मिळतो.

तुपाबद्दल वडीलधाऱ्यांशी बोलताना त्यांचा इतिहास लक्षात घ्यावा. तूप परवडत नाही म्हणून वनस्पती आले; डालडा १९३७ पासून बाजारात. मग हृदयविकार आणि संपृक्त स्निग्धांश यांचे नाते सांगणारे अँसेल कीज १९६१ साली 'टाइम'च्या मुखपृष्ठावर झळकले, आणि ते वारे यथावकाश आपल्याकडे पोचल्यावर घरोघरी करडईचे तेल आले. तोवर वनस्पतीतले ट्रान्स फॅट तुपाहून वाईट असल्याचे निघाले; आता २०२२ पासून तेला-वनस्पतीत ते २ टक्क्यांच्या वर नको असा नियम आहे. माझ्या सासूबाईंनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून ऐन उमेदीत तूप सोडले आणि नातीच्या सांगण्यावरून उतारवयात पुन्हा धरले. मधल्या काळातल्या पुरणपोळ्यांचा हिशोब त्या अजून मागतात.

उपवासाच्या दिवशी साधकाने घराबाहेर राहावे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याच्या खिचडीत बटाटा, जोडीला वरीचा भात, दाण्याच्या आमटीत गूळ, वर रताळ्याचा कीस. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण ज्याने काढली त्याने प्रमाण कमीच सांगितले आहे. यातले दाणेच काय ते साधकाच्या उपयोगाचे. उलट रोजच्या साधनेत सोळासोळा तास पोटात काही न घालण्याची जोड देणारे पुष्कळ आहेत. खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी ही म्हण आपल्याकडे हट्टी माणसाला टोमणा म्हणून होती. आता तो दिनक्रम आहे, आणि 'नाहीतर'च्या जागी 'आणि' आले आहे.

नातेवाइकांत गेल्यावर दीक्षित की दिवेकर, हा प्रश्न येतोच. डॉ. जगन्नाथ दीक्षित डॉ. श्रीकांत जिचकारांचा वारसा सांगत दोनच वेळा आणि पंचावन्न मिनिटांत जेवा म्हणतात. ऋजुता दिवेकर थोडेथोडे वरचेवर खा, भात खा, तूप खा म्हणतात. साधक दोघांचेही ऐकत नसल्यामुळे दोन्ही पक्ष त्याच्याविरुद्ध एक होतात. डोंबिवलीच्या मावशींकडे अशा वेळी ताट बदलून बशी येते, बशीत एकच गुलाबजाम असतो, आणि मावशी बशी खाली न ठेवता हातात धरून उभ्या राहतात. इन्सुलिन, कीटोन, बँटिंग यांपैकी काहीही इथे चालत नाही. 'डॉक्टरांनी बंद केलंय' एवढेच म्हणावे. मावशी स्वतःच्या विचाराने काही सोडणाऱ्या माणसाला माफ करत नाहीत. डॉक्टरांचे नाव निघाले की त्यांना दया येते आणि बशी शेजारच्याकडे जाते.

काही महिन्यांनी रक्त तपासावे. बऱ्याच जणांत ट्रायग्लिसराइड उतरतात, साखरही सुधारते. काहींचे एलडीएल मात्र चांगलेच चढते. तसे झाल्यास डॉक्टर तूप-लोणी आवरून तेल, दाणे, मासे यांच्याकडे वळायला सांगतात, आणि ते ऐकण्यासारखे असते. अहवाल घरी उघडू नये. उघडल्यास साखर उतरली ती मेथीच्या पाण्याने असे आजोबा म्हणतात, आणि कोलेस्टेरॉल चढले ते बाहेरच्या चीजमुळे, घरच्या तुपाने कधी चढत नसते, असे आई. दोन्ही मते ऐकून घ्यावीत.

उरता उरले बदामाचे पीठ. हे साधक पहिल्या उत्साहात किलोने आणतो आणि त्याच्या पोळ्या लाटायला बसतो. गव्हाचा चिवटपणा त्यात नसल्याने पोळी पोळपाटावरून उचलतानाच तिचे तीन प्रांत होतात. डबा फ्रीजच्या मागच्या कप्प्यात जातो. दिवाळीच्या सुमारास तो काढावा. वाटीभर पिठाला अर्धी वाटी साखर घ्यावी, साखर बुडेल इतके पाणी घालून एकतारी पाक करावा, पीठ घालून मंद आचेवर गोळा कडा सोडेपर्यंत घोटावे, वेलची घालावी आणि तूप लावलेल्या ताटात थापून कोमट असतानाच वड्या पाडाव्यात. वड्यांच्या डब्याजवळ साधकाने एकटे जाऊ नये. त्या मोजलेल्या असतात.