क्वांटमेच्छू

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात दर काही काळाने एक नवा इच्छुक जन्माला येतो. मागे तो डेटा सायन्सचा होता, मध्यंतरी ब्लॉकचेनचा झाला, हल्ली तो क्वांटमेच्छू असतो. माणूस तोच, लॅपटॉपवरचे स्टिकर तेवढे बदलले. किस्किट या सॉफ्टवेअरवर दोन क्यूबिटचे (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट) सर्किट चालवून मिळवलेले प्रमाणपत्र त्याच्या लिंक्डइनवर झळकत असते. त्याच्या एसओपीची, म्हणजे अर्जासोबतच्या निबंधाची, पहिली ओळ फाइनमनपासून सुरू होते आणि दुसरी ‘लहानपणापासूनच मला’पासून. पण त्याची खरी ओळख म्हणजे त्याची एक्सेल शीट. तीत वॉटर्लू, डेल्फ्ट, झुरिच, मॅडिसन, बंगळूर अशी नावे एकाखाली एक असतात. रँकिंग, फी, डेडलाइन, हवामान, जवळचे भारतीय किराणा दुकान असे रकाने असतात आणि प्रत्येक नावाला सेफ, मॉडरेट किंवा अँबिशस असा रंग फासलेला असतो. (तो एकाच वेळी सगळ्या विद्यापीठांत असतो, हा सुपरपोझिशनचा विनोद त्याने स्वतःच करून करून संपवला आहे, तेव्हा तो इथे नको.) एक रकाना मात्र सापडत नाही. तिथे जाऊन सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत करायचे काय?

माझे म्हणणे असे की हा रकाना भरला की बाकीचे बरेचसे आपोआप भरतात आणि तो कोरा राहिला तर बाकीची शीट म्हणजे नुसती रंगपंचमी. कारण क्वांटम कम्प्युटिंग नावाचा एक विषय मुळात नाही. पीटर शोर यांनी मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याची क्वांटम रीत १९९४ साली शोधली, तेव्हा ते बेल लॅब्समध्ये गणित करत होते. ती रीत ज्यावर चालवावी असे यंत्र जगात कुठेच नव्हते, आणि त्यांचे त्यावाचून काही अडले नाही. त्याच्या दहा वर्षे आधी, १९८४-८५मध्ये, बर्कलीला जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस अतिवाहक सर्किटांवर प्रयोग करत होते. त्या कामाला २०२५चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. मार्टिनिस तेव्हा क्लार्क यांचे पीएचडीचे विद्यार्थी होते. या दोन्ही कामांची फळे आज एकाच चकचकीत माहितीपत्रकात छापली जातात, पण एकाचे दिवस कागद-पेन्सिलीत गेले आणि दुसऱ्याचे तारांच्या गुंत्यात. अजूनही तसेच आहे. अतिवाहक क्यूबिटची चिप निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या हिश्शाइतक्या थंडीत ठेवावी लागते. ती थंडी निर्माण करणारा फ्रिज रुसला की गळती शोधत बसायचे काम विद्यार्थ्याचे. वॉटर्लूच्या हिवाळ्याला घाबरून ज्याने हवामानाचा रकाना लाल केला, त्याला या थंडीची कल्पना कुणी दिलेली नसते. क्यूबिट म्हणून आयन वापरणाऱ्या प्रयोगशाळेत फ्रिजच्या जागी लेझर आणि निर्वात कुपी येते, आणि सिद्धांतवाल्यांकडे फळा. गणित टाळण्यासाठी इंजिनिअरिंगला आलेला क्वांटमेच्छू रँकिंगच्या ओढीने नेमका फळ्यासमोर जाऊन उभा राहतो.

वॉटर्लूची क्वांटम संस्था २००२मध्ये उभी राहिली, ब्लॅकबेरीचे माइक लझारिडिस यांच्या देणगीच्या बळावर. फोन गेला, संस्था टिकली. पण तिथेही विद्यार्थ्याला भौतिकशास्त्र, गणित, कम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रिकल यांपैकी एखाद्या विभागाचे दार निवडावेच लागते. म्हणजे ज्या प्रश्नातून सुटण्यासाठी ‘क्वांटम’ हे नाव निवडले, तोच प्रश्न अर्जाच्या पहिल्या पानावर हजर. घराणे पाहून स्थळ ठरवावे आणि मुलाला लग्नानंतर भेटावे, असा हा व्यवहार. त्यातून इथे मुलगा घर सोडूनही जातो: प्राध्यापक स्कॉट आरॉन्सन २०१६मध्ये एमआयटी सोडून ऑस्टिनला गेले, ख्रिस्तोफर मन्रो मेरीलँडहून ड्यूकला. रँकिंग जागेवर राहते, गाइड निघून जातो.

यावर क्वांटमेच्छूचे उत्तर तयार असते, आणि ते अगदीच पोकळ नाही. शोर आणि मार्टिनिस यांच्या काळी क्वांटमची पदवी नव्हतीच, आता आहे. झुरिचच्या ईटीएचने क्वांटम इंजिनिअरिंगची मास्टर्स काढली, मॅडिसनने २०१९मध्ये क्वांटम कम्प्युटिंगची, बंगळूरच्या आयआयएससीने क्वांटम टेक्नॉलॉजीचे एमटेक. उद्योगाला इंजिनिअर हवेत, सगळेच शोर कशाला? कबूल. ज्याला आपल्याला काय बनवायचे ते ठाऊक आहे, त्याला हे अभ्यासक्रम उपयोगी आहेत. पण अमेरिकेत मास्टर्सची फी बहुधा आपण भरतो, पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळते. न ठरलेल्या मनासाठी कर्ज काढणे मला महागाचे वाटते. बँकेला आणि काकांना विद्यापीठाचे नाव लागते हे खरे; पण हप्ते बँकही भरत नाही, काकाही नाहीत.

खरा आक्षेप दुसराच आहे: एकविसाव्या वर्षी कुणाला कळते की आपल्याला फळा आवडेल की फ्रिज? कळत नाही, हे मान्य. पण कळून घेण्यासाठी अॅटलांटिक ओलांडावा लागत नाही. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये अतिवाहक क्यूबिटवर काम चालते आणि उन्हाळ्यात बाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथे घेतातही. पुण्यात आयसरमध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. २०२३मध्ये मंजूर झालेल्या ६,००३ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचे संवेदकांचे केंद्र पवईच्या आयआयटीत आहे. हेही नको असेल तर हव्या त्या गटातल्या विद्यार्थ्याचा ताजा प्रबंध उघडावा. बहुतेक विद्यापीठे तो फुकट देतात. त्यातले ऋणनिर्देशाचे पान आधी वाचावे: किती वर्षे लागली, फ्रिज कुणी दुरुस्त केला, गाइडचे आभार तीन ओळींत उरकले की पानभर मानले, सगळे तिथे असते. रँकिंग काढणाऱ्यांनी हे पान वाचलेले नसते. असे काही न वाचता लिहिलेल्या एसओपीत गूगलच्या सिकॅमोर चिपचे ५३ क्यूबिट आणि महासंगणकाला दहा हजार वर्षे लागतील ते गणित दोनशे सेकंदांत, हे २०१९चे आकडे मोठ्या अक्षरांत येतात, आणि आयबीएमने लगेच ‘आमच्या महासंगणकाला अडीच दिवस पुरतील’ असे म्हटल्याचा पत्ता नसतो. समितीतल्या प्राध्यापकांना मात्र तो असतो.

तुमच्या घरी असा कुणी असेल तर त्याला हसू नका, आणि ‘कितवा रँक?’ हेही विचारू नका. कुणाकडे जाणार, हाताने काय करणार आणि पैसे कोण देणार, एवढे तीन प्रश्न दिवाळीच्या सुट्टीतच विचारा. अमेरिकेतल्या पुष्कळ पीएचडी अर्जांची मुदत डिसेंबरच्या मध्यावर संपते.