हात मागे, चित्र पुढे

बंगळूरमध्ये चित्रं बघायला जागांची कमतरता नाही आणि मुलांना ती दाखवायच्या हौसेची तर मुळीच नाही. पॅलेस रोडवर माणिक्यवेलू मॅन्शनमध्ये २००९ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. कस्तुरबा रोडवर सरकारी वेंकटप्पा कलादालन आहे आणि त्याच रस्त्यावर २०२३ पासून म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी, म्हणजे सगळ्यांचं 'मॅप'. शाळांच्या सहली, कार्यशाळा, मार्गदर्शित फेऱ्या हे सगळं ओघानं आलंच.

या रस्त्यावर दहाएक वर्षांपूर्वी चांगलीच जुंपली होती. पर्यटन खात्याच्या दत्तक योजनेखाली वेंकटप्पा दालन अभिषेक पोद्दार यांच्या तस्वीर फाउंडेशन या खासगी संस्थेकडे चालवायला द्यायचं ठरलं. चित्रकार खवळले. चित्रं काढून, गाणी म्हणून त्यांनी निषेध केला. दालन लोकांचं आहे, ते लोकांचंच राहील, असं ठणकावून सांगितलं. अखेर ती योजना बारगळली आणि पोद्दारांनी पुढे मॅप उभारलं. लोकांचं दालन लोकांकडे राहिलं, हे उत्तमच झालं. आता एवढं जिंकल्यावर लोकांनी तिथे अधूनमधून जायलाही हरकत नव्हती!

मोठे जात नाहीत, म्हणून मग मुलांना पाठवतात. शाळेची बस येते. 'दोघादोघांच्या रांगा करा, हात मागे, बोट ओठांवर.' दारातच रखवालदार 'मुट्टबेडी' म्हणजे हात लावू नका, असं बजावतो. नंतर हेच बाई सांगतात आणि शेवटी मॉनिटर सांगतो, कारण त्याला सांगायला आणखी कुणी उरलेलं नसतं. तासाभरात दोन मजले उरकायचे, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला येतात काही सेकंद. तेवढ्यात मुलं चित्राखालची पाटी उतरवून घेतात, कारण शाळेने प्रश्न दिलेले असतात. के. वेंकटप्पा यांचे निधन कोणत्या साली झाले? १९६५. एक गुण. कलकत्त्यात अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकलेला हा माणूस उटीचं धुकं जलरंगात कसं पकडायचा, हे बघायला गुण नाहीत. मग ते बघायचं कशाला? मुलं हिशेबात पक्की असतात.

आपली मराठी मंडळी याला अपवाद नाहीत. पुण्याहून येऊन व्हाइटफील्डला स्थिरावलेल्या घरात चिरंजीवांचा रविवार आधीच वाटून झालेला असतो: सकाळी रोबॉटिक्स, दुपारी पोहणं, मध्ये दीड तासाची मधुबनी. मिथिलेच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या भिंतींवर जोपासलेली कला दीड तासात आटोपते, प्रमाणपत्र मिळतं आणि रंगवलेला मासा फ्रिजवर चिकटतो. महाराष्ट्रातही काय वेगळं आहे? आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षा होत्याच. मग दहावीला त्यांचे वाढीव गुण मिळू लागले आणि घराघरांत अचानक कलाप्रेम उफाळून आलं. त्या गुणांसाठी चित्र काढणारी किती मुलं पुढे एखाद्या प्रदर्शनाची पायरी चढली, हे कुणी विचारत नाही. विचारू नये. बिचाऱ्या पालकांना अवघडल्यासारखं होतं.

गंमत अशी की, याच बंगळूरमध्ये लोक चित्रं बघायला अक्षरशः गर्दी करतात. १९६० साली सुरू झालेली कर्नाटक चित्रकला परिषद जानेवारीतल्या एका रविवारी चित्रसंते, म्हणजे चित्रांचा बाजार, भरवते. कुमारकृपा रस्त्यावर गाड्या बंद, दुतर्फा चित्रकार आणि मधून वाहणारा माणसांचा लोंढा. तिथे कुणी कुणाला शिकवत नाही. लोक थेट किंमत विचारतात, घासाघीस करतात, 'हे उलटं तर नाही ना टांगलं?' म्हणतात. चित्रकार हसतो, चिडतो, समजावून सांगतो. पोरं बापाच्या खांद्यावरून बघतात आणि कुणी त्यांना प्रश्नपत्रिका देत नाही. एवढ्या गोंगाटात कलाशिक्षण होतं कसं, यावर एखादी समिती नेमायला हवी.

खरी गोम दालनात नाही, वेळापत्रकात आहे. चित्रकलेचा तास हा शाळेतला बिनमालकाचा भूखंड. पोर्शन मागे पडला की गणिताच्या बाई येतात आणि तो तास घेऊन टाकतात. वर्षभर ज्यांनी फक्त काळा फळा पाहिला, त्या मुलांनी वर्षातून एकदा बसमधून उतरून रंगांवर लट्टू व्हावं, अशी आपली अपेक्षा!

ही गोम ज्यांना कळली, ते मुलांच्या रांगा लावत नाहीत. बंगळूरच्याच इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सने 'कलि-कलिसु' (शिका-शिकवा) या उपक्रमातून कर्नाटकातल्या सरकारी शाळांच्या शिक्षकांना हाताशी धरलं. बस नाही, खाऊचा पुडा नाही, वर्तमानपत्रात रांगेचा फोटोही नाही. शिक्षकाची नजर बदलली की ती रोज वर्गात येते, आणि तिला बसभाडंही लागत नाही.

म्हणून समस्त कलादालनांना नम्र सूचना: पुढची बस मुलांची भरू नका. गणिताच्या बाईंची भरा. त्यांना हात मागे घ्यायला लावू नका, प्रश्न देऊ नका, एकाच चित्रासमोर अर्धा तास निवांत बसू द्या. बाहेर पडताना चहा द्या आणि हळूच विचारा, 'बाई, शुक्रवारचा तो तास परत करता का?' नाहीच म्हणाल्या, तर निदान प्रमाण आणि सममिती तरी चित्रावरून शिकवतील. चोरीच्या तासाचं एवढं भाडं तर द्यायलाच हवं.