गोळी, पोळी आणि वर तूप

सोसायटीतला म्हातारा लॅब्रॅडॉर लंगडायला लागला की लिफ्टमधला प्रत्येक माणूस हाडांचा डॉक्टर होतो. कुणी सांध्यांसाठीचं ग्लुकोसामाइन सुचवतं, कुणी न्यूझीलंडच्या हिरव्या शिंपल्यांची पावडर, आणि चौथ्या मजल्यावरच्या काकू तर स्वतःचीच गुडघेदुखीची गोळी अर्धी मोडून द्यायला निघतात. (माणसांची वेदनाशामकं कुत्र्याला परस्पर देऊ नयेत, आयबुप्रोफेन तर विषच. पण काकूंना सांगणार कोण?) ग्लुकोसामाइनच्या डब्यावरच्या चित्रात उड्या मारणारा कुत्रा असतो, तो फार तर दोन वर्षांचा असावा.

२०२२मध्ये कुत्र्यांच्या सांधेदुखीवरच्या बऱ्याच चाचण्या एकत्र तपासून झालेल्या आढाव्यात ग्लुकोसामाइन आणि त्याच्या जोडीने दिल्या जाणाऱ्या कॉन्ड्रॉइटिनचा उपयोग दिसलाच नाही. बाजी मारली ओमेगा-३ने, म्हणजे माशाच्या तेलाने. पण त्याला वास येतो हो!

आणखी एक उपाय आहे, फुकटातला: कमी खाणं. ४८ लॅब्रॅडॉरांवर जन्मभर चाललेल्या अभ्यासात पाव हिस्सा कमी खाणाऱ्यांना संधिवात उशिरा झाला, आयुष्यही सुमारे दोन वर्षं जास्त मिळालं. हे ऐकून मालक गंभीरपणे मान डोलावतात, महागडी गोळी पुरणपोळीत गुंडाळतात आणि वर तूप सोडतात.