पनीरच्या पोटात ब्लूटूथ

उपनगरातल्या टू-बीएचकेची बाल्कनी कपडे वाळत घालायला असते. हल्ली तिथे बार्बेक्यू आलाय, आणि मागोमाग त्याचा लवाजमा: मोटरवर फिरणाऱ्या सळया, तापमान सांगणारं पिस्तूल, धूर सोडणारी बंदूक. (मुंबईत धूर विकत घ्यायचा!) सगळ्यांत थोर तो ब्लूटूथ थर्मामीटर. कोंबडी आतून ७४ अंशांपर्यंत शिजली की नाही हे कळावं म्हणून त्याचा जन्म. घाटकोपरच्या शाकाहारी सोसायटीत तो पनीरच्या पोटात खुपसून यजमान मोबाइलकडे बघत बसतात. पनीर कच्चंही खाता येतं, पण ॲप म्हणतं, अजून सहा मिनिटं. पाहुणे वेफर्स संपवतात. तेवढ्यात सेक्रेटरींचा फोन: वरच्यांच्या साड्यांना वास लागला.

खाली स्टेशनबाहेर भुट्टेवाला एका हाताने पंखा मारतो, दुसऱ्याने कणीस फिरवतो, दाणे तडतडले की उतरवून लिंबाच्या फोडीने तिखटमीठ चोळतो. रायगडकडे पोपटीचं मडकं भांबुर्डीचा पाला नि वालाच्या शेंगा भरून जाळात उपडं ठेवतात. शिजलं का ते बघायला वर पाणी शिंपडायचं, चुर्र झालं की काढायचं. या चुर्रचं ॲप अजून निघालेलं नाही. मुलुंडमध्ये कुणीतरी बसलं असेलच त्यावर.